हेमलकशाचे घर आणि ते उभे करणाऱ्या स्त्रिया

हेमलकशाच्या लोक बिरादरी प्रकल्पाची सुरुवात २३ डिसेंबर १९७३ रोजी झाली. त्या वेळी गडचिरोली नावाचा जिल्हा नव्हता. सारा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यात मोडत होता आणि भामरागड हे त्या जिल्ह्याचे पार टोक होते. गडचिरोली वेगळा जिल्हा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी. हेमलकशाहून पर्लकोटा ओलांडली की भामरागड. तिथे पर्लकोटा आणि पामुलगौतम या नद्या इंद्रावतीला मिळतात आणि इंद्रावतीपलीकडे बस्तरचे रान सुरू होते. बाबा आमटे यांच्या आनंदवनापासून, कुष्ठरोग्यांच्या त्या वस्तीपासून, हे ठिकाण दोनशे किलोमीटरहून जास्त लांब. वाटेतले शेवटचे मोठे गाव आलापल्ली. तिथून पुढच्या साठेक किलोमीटरांना त्या काळी रस्ता म्हणणे कठीण होते. पावसाळा लागला, नदीनाले भरले की हेमलकशाचा जगाशी संबंध महिनोन्‌महिने तुटायचा.

प्रकल्पाच्या सुरुवातीला २०२३ च्या डिसेंबरात पन्नास वर्षे पूर्ण झाली. या पन्नास वर्षांवर बरेच लिहून झाले आहे. बाबांचे चिरंजीव डॉ. प्रकाश आमटे, म्हणजे प्रकाशभाऊ, यांनी स्वतः 'प्रकाशवाटा' लिहिले, प्रकल्पातले कार्यकर्ते विलास मनोहर यांनी 'नेगल' लिहिले, २०१४ साली चित्रपटही आला. बाबांची जिद्द, प्रकाशभाऊंचा पांढरा बनियन आणि अर्धी चड्डी, बिबट्यांशी आणि अस्वलांशी असलेली त्यांची मैत्री हे आता मराठी घराघरांत ठाऊक आहे. म्हणून स्मरणिकेतल्या या लेखात तोच इतिहास वेगळ्या बाजूने मांडावा असे वाटले. हेमलकशात एकामागून एक जी घरे उभी राहिली, झोपडी, दवाखाना, शाळा, वसतिगृह, स्वयंपाकघर, त्यांचा हा इतिहास आहे. त्या घरांमागून चालत गेले की दर वळणावर एखादी बाई भेटते. प्रकल्पाला आकार दोन पुरुषांनी दिला हे खरेच आहे. पण त्याला घरपण स्त्रियांनी दिले, आणि इथली माडिया आदिवासी स्त्री या घरात पाऊल टाकू शकली ती त्यांच्यामुळे, असे माझे ठाम मत आहे.

महाराष्ट्रातल्या स्त्रियांच्या संस्थांचा इतिहास बहुतेक शहरांत घडला. पुण्यात १८८४ साली हुजूरपागेची मुलींची शाळा सुरू झाली. रमाबाई रानड्यांनी १९०९ साली पुण्याच्या सेवासदनाचा आरंभ केला तो स्वतःच्या राहत्या वाड्यात. परिचारिकेचे काम हलके समजले जात होते त्या दिवसांत त्यांनी घरंदाज बायकांना ससून रुग्णालयात शिकायला पाठवले. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० साली तो गावाबाहेर हिंगण्याला नेला, तेव्हा तिथेही एक झोपडीच होती. अण्णा फर्ग्युसन कॉलेजात शिकवून रोज पायी हिंगण्याला जात. पार्वतीबाई आठवल्यांनी त्या आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागितली. पुढे पुणे वाढत वाढत हिंगण्यापर्यंत येऊन पोचले आणि ते माळरान कर्वेनगर झाले. शहरातल्या संस्थेच्या पाठीशी निदान शहर असते. देणगीदार असतात, वकील असतात, नगरपालिका असते, वर्तमानपत्र असते. हिंगण्याच्या झोपडीमागे पुणे उभे होते. हेमलकशाच्या झोपडीमागे फक्त रान होते. त्या रानातल्या माणसांनी या पाहुण्यांना बोलावले नव्हते आणि सुरुवातीला त्यांना ते नकोही होते.

मूळ गोष्ट १९७० च्या सुमाराची. बाबा आपल्या दोन्ही मुलांना, विकास आणि प्रकाश यांना, सहलीला म्हणून भामरागडला घेऊन आले. तिथे त्यांनी माडिया गोंड पाहिले. अंगावर लंगोटीभर कपडा, पोटाला अन्न नाही, आणि परका माणूस दिसताच रानात पळून जाणारी माणसे. बाबांनी तिथेच बोलून दाखवले की इथे काम करायचे. प्रकाशभाऊंनी शब्द दिला. सरकारकडून जागा मिळेपर्यंत काही वर्षे गेली. दरम्यान नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शस्त्रक्रियेचे पदव्युत्तर शिक्षण घेताना प्रकाशभाऊंची मंदाकिनी देशपांडे यांच्याशी ओळख झाली. त्या भूलतज्ज्ञ. शस्त्रक्रियेच्या टेबलाच्या एका बाजूला हे, डोक्याशी त्या. लग्नाचे ठरताना प्रकाशभाऊंनी आधीच सांगून टाकले की मला जंगलात जाऊन राहायचे आहे. त्या हो म्हणाल्या. १९७२ च्या डिसेंबरात लग्न झाले आणि वर्षभरात हेमलकसा सुरू झाले.

हा 'हो' नीट समजून घेण्यासारखा आहे. बाबांचा मुलगा जंगलात जातो यात घराण्याची रीत होती. आनंदवनात वाढलेल्या मुलाला कष्टाचे, एकांताचे, लोकांनी टाकलेल्या माणसांचे भय नव्हते. मंदाताई मात्र शहरात वाढलेल्या. हातात भूलशास्त्राची पदविका, नागपूरसारख्या शहरात त्या काळी स्त्री भूलतज्ज्ञाला मिळेल तेवढा मान आणि पैसा समोर होता. तो सोडताना त्यांच्या पाठीशी कोणती परंपरा नव्हती. होता तो फक्त स्वतःचा निर्णय. त्यांच्या सासूबाई साधनाताईंचीही गोष्ट अशीच. नागपूरच्या कर्मठ घरातली इंदू घुले १९४६ साली बाबांची पत्नी झाली आणि पुढे कुष्ठरोग्यांच्या वस्तीत तिने संसार मांडला. त्यांचे 'समिधा' वाचणाऱ्याला कळते की आमट्यांच्या घरात सून म्हणून येणे हीच एक दीक्षा होती. साधनाताईंनी ती स्वतः घेतली होती. त्यामुळे मंदाताई काय सोडून येत आहेत हे जर कुणाला पुरते कळले असेल तर ते साधनाताईंना.

पहिली वास्तू म्हणजे ती झोपडी. तिला दार नव्हते. रेमन मॅगसेसे पुरस्काराच्या मानपत्रातही त्या दार नसलेल्या झोपडीचा उल्लेख आहे. वीज नाही, टेलिफोन नाही, आडोसा नाही. आनंदवनातून आलेल्या कार्यकर्त्यांनी रान साफ केले, कुडाच्या भिंती घातल्या, वर छप्पर टाकले. पुरुषांच्या आठवणींत या दिवसांचे वर्णन साहस म्हणून येते. पण दार नसलेल्या घरात नवी नवरी राहते तेव्हा तिच्या अंघोळीचे, कपडे बदलण्याचे, आजारपणाचे काय होत असेल याचा विचार केला की त्या साहसाचा किती वाटा कुणाच्या अंगावर पडला हे लक्षात येते. मंदाताईंच्या बोलण्यात याची तक्रार आली नाही, म्हणून इतिहासाने ते विसरावे असे नाही.

माडिया लोक त्या झोपडीकडे लांबून पाहायचे. जवळ येत नसत. आजारपण हा देवाचा कोप, त्यावर उपाय गावचा पुजारी करणार, ही त्यांची रीत. त्यांची भाषा माडिया. तिला स्वतःची लिपी नाही, शिकायला पुस्तक नाही. प्रकाशभाऊ आणि मंदाताईंनी ती एकेक शब्द कानाने टिपून, मराठी अक्षरांत उतरवून शिकली. रुग्ण येत नाहीत तर आपण जायचे, म्हणून गावोगाव पायी फिरले. सुरुवातीचा दवाखाना रस्त्याच्या कडेला, झाडाखाली चालला. भाजलेला, फिट येणारा एक तरुण बरा झाला, मेंदूच्या मलेरियाने बेशुद्ध पडलेला रुग्ण उठून चालत घरी गेला, आणि मग माणसे येऊ लागली. खरूज, मलेरिया, क्षय, अस्वलाने फाडलेले चेहरे, झाडावरून पडून मोडलेली हाडे. भूल द्यायला साधन नसताना शेकडो टाके घातले गेले आणि माडिया माणूस हूं की चूं न करता पडून राहिला, असे प्रकाशभाऊ सांगत आले आहेत.

पुरुष आले, मुले आली. बायकांचे काय? त्यासाठी गडचिरोली जिल्ह्यातला एक अभ्यास आठवावा लागतो. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने जिल्ह्यातल्या दोन गावांत स्त्रियांच्या आजारांची पाहणी केली. ती १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्क्यांना स्त्रीरोग होता आणि त्याआधी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के. ही पाहणी हेमलकशापासून दूर, जिल्ह्याच्या मोकळ्या भागातली. भामरागडच्या रानात परिस्थिती याहून बरी असण्याचे काही कारण नव्हते. बाई आपला आजार पुरुषाला दाखवत नाही, आणि तो परका असेल तर मुळीच नाही. मंदाताई हेमलकशात नसत्या तर तिथला दवाखाना निम्म्या माणसांचाच राहिला असता.

अडलेली बाळंतीण ही त्या काळी या रानातली सर्वांत अवघड रुग्ण. पोटात मूल मेलेले, तीन दिवस कळा देऊन थकलेली बाई खाटेवर किंवा झोळीत घालून चार माणसे रान तुडवत आणतात. कंदिलाच्या उजेडात तिला भूल देणारी, तिच्या कानाशी तिच्या भाषेत बोलणारी डॉक्टर ही बाईच आहे, एवढ्या एका गोष्टीने किती फरक पडला असेल! अशी एक बाळंतीण जगून परत गावात गेली की ती गावातल्या बायकांना जे सांगते ते कुठल्याही प्रचाराहून मोठे असते. दवाखान्याची कीर्ती गावागावांत पोचली ती या वाटेने.

१९७५ साली स्वित्झर्लंडच्या 'स्विसएड' या संस्थेच्या मदतीतून लहानसे रुग्णालय बांधले गेले. ही दुसरी वास्तू. आता शस्त्रक्रिया करण्याजोगी खोली मिळाली. पण भिंती उभ्या राहिल्या म्हणून रुग्ण त्यांच्या आत आले असे झाले नाही. माडिया माणसाला बंद खोलीची आणि उंच खाटेची सवय नाही. त्याला जमिनीवर, शेकोटीजवळ, झाडाखाली आपल्या माणसांत झोपायचे असते. रुग्ण एकटा येत नाही. नवरा, पोरे, कधी कोंबडीसुद्धा बरोबर असते. प्रकल्पाने हे सारे सामावून घेतले. आवारात चुली पेटू दिल्या. 'भेटायची वेळ चार ते सहा' अशी पाटी तिथे कधी लागली नाही. पुढे 'सर्च'ने शोधग्रामात दवाखाना बांधताना आदिवासींनाच विचारले, आणि त्यांच्या सांगण्यावरून मोठ्या इमारतीऐवजी झोपड्यांसारखी घरे बांधून त्याला दंतेश्वरी देवीचे नाव दिले. दोन्ही ठिकाणचा अनुभव एकच सांगतो. ज्या दवाखान्यात बाई आपली चूल मांडू शकते तिथेच ती दोन दिवस थांबते, आणि थांबते तेव्हाच बरी होते. सरकारी आरोग्य केंद्रांचे नकाशे काढणाऱ्यांनी हे आजही शिकावे असे आहे.

तिसरी वास्तू शाळा. १९७६ साली लोक बिरादरीची निवासी आश्रमशाळा सुरू झाली. कारण सरळ होते. रुग्ण बरा होऊन गावी गेला तरी व्यापारी मूठभर मिठावर त्याच्याकडून टोपलीभर चारोळी घेत होता. वनखात्याच्या कागदावर अंगठा कशासाठी मागितला हे त्याला कळत नव्हते. अक्षर आणि हिशेब आल्याखेरीज हे थांबणार नव्हते. मुले मिळवणे मात्र सोपे नव्हते. आणलेली मुले रात्रीतून पळून गावी जायची आणि शिक्षक पुन्हा त्यांच्या मागे जंगल तुडवायचे. मास्तरांना माडिया येत नव्हते, मुलांना मराठी येत नव्हते. गोपाळ फडणीस यांच्यासारख्या शिक्षकांनी ही शाळा चिकाटीने उभी केली.

मुलींना शाळेत आणणे याहून अवघड. मुलगी घरात धाकटी भावंडे सांभाळते, मोहाची फुले वेचते, पाणी भरते. तिला वसतिगृहात ठेवायचे तर रात्री तिच्याजवळ कोण आहे, तिला पाळी आली तर ती कुणाला सांगणार, हे प्रश्न आईबापांच्या मनात असतात. त्यांचे उत्तर वसतिगृहात नात्यातल्या बाईसारखी कुणी राहत असेल तरच मिळते. प्रकल्पात ते उत्तर होते. मंदाताई होत्या, बाबांची मानसकन्या रेणुकाताई मनोहर होत्या, कार्यकर्त्यांच्या बायका होत्या, आणि पुढे याच शाळेत शिकून मोठ्या झालेल्या मुली होत्या. आणखी एक गोष्ट आईबापांनी डोळ्यांनी पाहिली. प्रकाशभाऊ आणि मंदाताई यांची मुले, दिगंत, अनिकेत आणि मानसकन्या आरती, याच शाळेत माडिया मुलांशेजारी जमिनीवर बसून शिकत होती. डॉक्टरीण आपली पोरे जिथे घालते तिथे आपली मुलगी ठेवायला हरकत नाही, हे समजायला माडिया बापाला मराठी यावे लागत नव्हते. आपली मुले शहरात नातेवाइकांकडे न ठेवण्याचा हा निर्णय कोणत्याही आईला सोपा गेला नसता. संस्थेवर विश्वास बसायला या निर्णयाचा जेवढा उपयोग झाला तेवढा दुसऱ्या कशाचा झाला असे मला वाटत नाही. याच शाळेतून पुढे डॉक्टर, वकील, शिक्षक निघाले.

संस्थांच्या इतिहासात स्वयंपाकघराला पान मिळत नाही. हेमलकशात ते द्यायला हवे. पाऊस पडायच्या आत तांदूळ, डाळ, मीठ, रॉकेल, औषधे असा महिनोन्‌महिन्यांचा साठा करून ठेवावा लागे. हिशेब चुकला तर दुकान नाही, उसने द्यायला शेजार नाही. त्यात रुग्ण आणि त्यांची माणसे, शाळेची मुले, कार्यकर्ते, न सांगता आलेले पाहुणे, आणि शिवाय प्राणी. प्राण्यांचे अनाथालय सुरू झाले ते शिकाऱ्यांनी मारलेल्या माकडिणीला चिकटलेल्या पिलापासून. प्रकाशभाऊंनी ते मागून घेतले आणि मग पिलांची रीघ लागली. या सगळ्या तोंडांना वेळेवर घास घालणे हे रोजचे काम होते आणि त्याला सुट्टी नव्हती. बिबट्याच्या पिलाला मांडीवर घेतलेल्या प्रकाशभाऊंचे छायाचित्र सर्वांनी पाहिले आहे. त्या पिलाचे दूध ज्या चुलीवर तापले तिचे छायाचित्र या स्मरणिकेत छापायला मिळाले तर आनंदच होईल.

ऐंशीच्या दशकात ही सारी वसाहत पाण्याखाली जाण्याचा प्रसंग आला होता. इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम ही धरणे झाली असती तर इंद्रावतीच्या काठचे रान आणि त्यातली माडियांची गावे बुडाली असती. बाबांनी 'जंगल बचाओ, मानव बचाओ' हे आंदोलन उभे केले. आदिवासी स्त्रीपुरुष रानातून बाहेर पडून मोर्चात आले. धरणे झाली नाहीत. त्याच दशकात या जंगलात नक्षलवादी चळवळ आली. तेव्हापासून इथल्या गावांनी दोन्हीकडच्या बंदुका सोसल्या आहेत. रुग्णाला त्याची बाजू न विचारता औषध द्यायचे, हा प्रकल्पाचा नियम त्या काळात टिकून राहिला.

पुरस्कारांची यादी देण्याचे हे स्थळ नाही. पण एक फरक नोंदवावासा वाटतो. १९९५ साली मोनॅको देशाने टपालाचे तिकीट काढले ते दोघांच्या सन्मानार्थ. २००२ साली भारत सरकारची पद्मश्री मिळाली ती एकट्या प्रकाशभाऊंना. २००८ साली मॅगसेसे पुरस्कार पुन्हा दोघांना मिळाला, आणि त्यात मंदाताईंचे नाव पत्नी म्हणून नव्हे, बरोबरीची मानकरी म्हणून आले. त्या सुमारास रुग्णालयात वर्षाला सुमारे ४०,००० रुग्ण मोफत उपचार घेत होते. परदेशांनी जे पाहिले ते आपल्या सरकारला २००२ साली दिसले नाही, याचे वाईट वाटते. ही चूक आजही दुरुस्त होण्यासारखी आहे.

दुसऱ्या पिढीत चित्र बदलले, आणि ते बदलले ते पुन्हा सुनांच्या येण्याने. डॉ. दिगंत यांच्याशी लग्न करून डॉ. अनघा आल्या. त्या स्त्रीरोगतज्ज्ञ. मंदाताईंनी भूलशास्त्राच्या शिदोरीवर, गरज पडेल तसे शिकत, इतकी वर्षे अडलेल्या बाळंतिणी सोडवल्या होत्या. आता त्याच विषयाची तज्ज्ञ डॉक्टर हेमलकशात कायम राहू लागली. रुग्णालयाची इमारतही वाढली, शस्त्रक्रियागृह सुधारले. अनिकेत यांच्या पत्नी समीक्षाताईंनी शिक्षणाची बाजू हाती घेतली. २०१५ साली भामरागडच्याही पुढे, छत्तीसगडच्या सीमेजवळ, नेलगुंडा इथे साधना विद्यालय सुरू झाले. जिने आनंदवनात पहिला संसार मांडला तिचे नाव आता माडिया मुलांच्या दप्तरावर आहे.

इथे एका वास्तूचा विषय काढल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. ती प्रकल्पाने बांधलेली नाही. गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेली आहे. माडिया गावात गोटुल असते, ते साऱ्या गावाचे. आणि फक्त बायकांसाठी असलेली एकच जागा असते: कुर्मा घर. पाळीच्या दिवसांत बाईने गावाच्या कडेला या खोपटात राहायचे. ठेंगणे छप्पर, ओल, साप-विंचवाचे भय, पावसाळ्यात गळणे, थंडीत कुडकुडणे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानेही या प्रथेबद्दल राज्य सरकारला जाब विचारला. अलीकडे जिल्ह्यातल्या काही गावांत त्या खोपटांच्या जागी पक्क्या, पाणी आणि संडास असलेल्या खोल्या बांधल्या जात आहेत. त्यावर मतभेद आहेत. काहींच्या मते खोली सुधारली की प्रथा आणखी पक्की होते. आधी बाई साप चावून मरणार नाही एवढे पाहा, प्रथेचे नंतर बघू, असे दुसऱ्यांचे म्हणणे. मला दुसरी बाजू पटते, पण एका अटीवर. त्या खोलीत बायकांनी काय करायचे हे बायकांनी ठरवले पाहिजे. तिथे बसून त्या बचतगटाचा हिशेब करू शकल्या, मुलींना पाळीची खरी माहिती देऊ शकल्या, कुणाच्या घरी दारू पिऊन मारहाण होते यावर बोलू शकल्या, तर ते खोपट उद्या बायकांचे सभागृह होईल.

हे अशक्य नाही हे याच जिल्ह्याने दाखवले आहे. गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी आली ती गावोगावच्या स्त्रियांच्या रेट्यामुळे. शेजारच्या चंद्रपुरात २०१० साली चिमूरहून नागपूरच्या विधानभवनापर्यंत हजारो बायका चालत गेल्या. तिथे २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये ती उठवली गेली, तरी त्या चालण्याचे मोल कमी होत नाही. कुरखेड्यात 'आम्ही आमच्या आरोग्यासाठी' ही संस्था शुभदा देशमुख आणि डॉ. सतीश गोगुलवार यांनी उभी केली, तिच्या कामातही गावातल्या बायकाच पुढे आहेत. या साऱ्या संघटनांपैकी बहुतेकींची बैठक सुरुवातीला झाडाखाली, देवळाच्या पायरीवर किंवा कुणाच्या तरी ओसरीवर भरली. पुण्या-मुंबईच्या महिला मंडळांना जसे सभागृह आणि तिजोरी असते तशी यांना कधी नव्हती. हेमलकशानेही स्त्रियांची वेगळी संघटना म्हणून कधी पाटी लावली नाही. पण दवाखान्याचा प्रसूतिकक्ष, मुलींचे वसतिगृह आणि ते स्वयंपाकघर ही या रानात बायकांना हक्काने बसता येईल अशी पहिली ठिकाणे ठरली.

आज हेमलकशाला डांबरी रस्ता आहे, वीज आहे, मोबाइलची रेंज आहे. पर्लकोटेला पूर आला की भामरागडची वाट मात्र अजून बंद होते. त्या दिवसांत पलीकडच्या गावांतल्या बाळंतिणीला अलीकडे आणण्याचा प्रश्न १९७३ इतकाच बिकट असतो. नवे पूल, नवे रस्ते, नव्या खाणी, नवी पोलीस ठाणी असा सगळा विकास या जंगलात वेगाने येतो आहे. त्यात प्रसूतीसाठी आधीच येऊन राहता येईल अशी घरे किती, शाळेत मोठ्या मुलींसाठी राहण्याची सोय किती, हे विचारणारे थोडे आहेत. विकास मोजायचा तर तो या खोल्यांवरून मोजावा.

या स्मरणिकेच्या वाचकांना शेवटी एक विनंती. पहिल्या दहा वर्षांत हेमलकशात राबलेल्या, तिथे उपचार घेतलेल्या आणि तिथल्या शाळेच्या पहिल्या वर्गांत बसलेल्या स्त्रिया आता साठी-सत्तरीच्या घरात आहेत. माडियाला लिपी नाही, त्यामुळे त्यांच्या आठवणी कुठे लिहिलेल्या सापडणार नाहीत. त्या ऐकूनच टिपाव्या लागतील, त्यांच्या भाषेत आणि त्यांच्या नावानिशी. ज्यांनी बाबांच्या सोमनाथच्या शिबिरातून किंवा आनंदवनातून येऊन इथे काही दिवस काम केले, ज्यांच्याकडे त्या काळची पत्रे, छायाचित्रे किंवा वह्या आहेत, त्यांनी त्यांच्या प्रती लोक बिरादरी प्रकल्प, हेमलकसा, तालुका भामरागड, जिल्हा गडचिरोली या पत्त्यावर पाठवाव्यात. प्रकल्पात शिकलेल्या मुलींनी आपल्या आई-आज्यांशी बोलून ते लिहून काढावे. पुढचा इतिहास त्यांनीच लिहायचा आहे, आणि त्यासाठी अजून फार वाट पाहता येणार नाही.